गुरुत्व, गुरुत्वाकर्षण, मोजले की काढले?

'जुळ्या उपग्रहांनी पृथ्वीचे गुरुत्त्वाकर्षण मोजले' हे वाक्य बरोबर आहे का, आणि गुरुत्व व गुरुत्वाकर्षण एकच का, असा प्रश्न आहे.

आधी शुद्धलेखन. गुरु + त्व, म्हणून त एकच. महत् आणि तत् यांच्या शेवटी मुळातच त् आहे, म्हणून महत्त्व, तत्त्व. गुरूच्या पदरी तो नाही.

गुरु म्हणजे जड, गुरुत्व म्हणजे जडपणा. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात वस्तू खाली पडण्याचे कारण म्हणून हा गुण सांगितला आहे. शब्द न्यूटनच्या कितीतरी आधीचा. पुढे 'आकर्षण' लागले की अर्थ रुंदावतो: सूर्य-पृथ्वी, पृथ्वी-चंद्र, कोणत्याही दोन वस्तूंमधली ओढ. एखाद्या ठिकाणी वस्तू किती जोराने खाली खेचली जाते, ते तिथले गुरुत्व. त्यात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणामही धरलेला असतो. जागोजागी बदलणाऱ्या या ओढीला मी गुरुत्वक्षेत्र म्हणेन. बोलताना गुरुत्वाकर्षण म्हटले तरी काही बिघडत नाही.

मला खरा खटकतो तो 'मोजले'. हे जुळे उपग्रह म्हणजे नासा आणि जर्मनी यांच्या ग्रेस मोहिमेचे; ते 2002 साली सोडले, 2017 पर्यंत चालले. सुमारे 500 किलोमीटर उंचीवर, एकामागे एक, मध्ये साधारण 220 किलोमीटर. खाली डोंगरासारखे जास्तीचे वस्तुमान आले की पुढचा आधी ओढला जातो, अंतर किंचित वाढते. मग मागचा ओढला जातो, अंतर घटते. ही वाढघट सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्ह) मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, पातळीवर टिपली जात असे. विरळ हवेचा अडथळा किती, हे प्रत्येक उपग्रहातला त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल टिपणारे उपकरण, सांगत असे. तो अडथळा वजा करावा लागे. या सगळ्यातून गणिताने गुरुत्व हाती येई.

मराठीत लांबी मोजतात, सरासरी काढतात. इथे अंतर मोजले, गुरुत्व काढले. जमिनीखालचे पाणी घटले की वस्तुमान घटते, ओढही घटते. राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यात 2002 ते 2008 दरम्यान सुमारे 109 घन किलोमीटर भूजल घटले, हेही एकाही विहिरीत दोर न सोडता असेच काढलेले आहे.

मी वाक्य असे लिहीन: 'जुळ्या उपग्रहांमधले अंतर मोजून पृथ्वीचे गुरुत्वक्षेत्र काढले.'