बऱ्हाणपूर एका दिवसात उरकू नका

जळगावला लग्न, त्याआधी दोन-तीन दिवस मोकळे, बरोबर गुडघे धरलेली आई आणि अकरा वर्षांची मुलगी. ऊन हवं, गर्दी नको, आणि मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? तुमचा प्रश्न एवढाच आहे. येता येईल. पण तसं करू नका. दोन रात्री काढा. का ते सांगतो.

मी मूळचा भुसावळचा. मोठी मावशी बऱ्हाणपुरात दिलेली, त्यामुळे दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी तिथेच गेली. आजही वर्षातून एखादी चक्कर होते. माझ्या ओळखीतले जे जे लोक एका दिवसात जाऊन आले ते सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘पडझडच आहे नुसती.’ ते सगळे सकाळी दहाला पोचले, भर उन्हात किल्ला बघितला, शाहजहानच्या मुमताजची पहिली कबर कुठे म्हणून विचारत फिरले, जिलबी खाल्ली आणि परतले. या गावात बघायचं ते सकाळी नऊच्या आत आणि दुपारी साडेतीननंतर. मधला वेळ जेवणाचा आणि आडवं होण्याचा. एका दिवसाच्या माणसाच्या वाट्याला नेमका तो मधलाच वेळ येतो.

उन्हाबद्दल. तुमच्या आईला कोवळ्या उन्हात बसायचंय, तर जानेवारी उत्तम. आकाश निरभ्र, हवा कोरडी, दिवसा स्वेटर नको. पण रात्री आणि पहाटे खानदेशी थंडी असते, पुण्याहून येणारे फसतात. शाल, कानटोपी घ्या. एप्रिल-मेचं मात्र नाव काढू नका, तेव्हा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. मी स्वतः एकदा मार्चअखेरीस पाहुण्यांना घेऊन दुपारी एकला जामा मशिदीत गेलो होतो. चपला बाहेर काढल्या आणि आतल्या अंगणातली फरशी अशी तापलेली की आम्ही चार मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी टणाटण उड्या मारत सावली गाठायला धावलो. तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी हसत हसत पाण्याची बादली पुढे केली. चूक पूर्ण माझी होती, मला गाव माहीत होतं.

जायचं कसं: भुसावळ–खंडवा मार्गावर बऱ्हाणपूर स्टेशन आहे, भुसावळहून तासाभराचं अंतर. काही लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात, सगळ्या नाही, ते बघून घ्या. तिकीट काढताना ‘बुरहानपुर’ असं हिंदी रूप शोधा. स्टेशन गावात नाही, लालबाग भागात आहे. तिथून गावात रिक्षा मिळते. लग्न जळगावलाच असल्यामुळे मी तुमच्या जागी गाडी करून मुक्ताईनगरमार्गे गेलो असतो. वाटेत तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, मुक्ताईचं देऊळही याच भागात. आईचा दिवस तिथेच सार्थकी लागेल. पुढे इच्छापूरला टेकडीवर इच्छादेवी आहे, तिथे पायऱ्या आहेत, खालूनच हात जोडा.

आता गाव. लोक मुमताजच्या नावाने जातात आणि निराश होतात. माझं मत असं की हे गाव पाण्याच्या मागे मागे बघावं. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीकाठी ते वसवलं. नाव दिलं बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं, ज्याची कबर आपल्या खुलताबादला आहे. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद हे जैनुद्दीन शिराझींच्या नावाचं, तेही खुलताबादलाच. पुढे १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हे मोगलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं झालं. लष्कर, सुभेदार, व्यापारी, विणकर. एवढ्या माणसांना पाणी कुठून आणायचं?

त्याचं उत्तर म्हणजे कुंडी भंडारा. तुमच्या सहलीचा पहिला मान याला द्या. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखाना इथे सुभेदार असताना हे काम झालं. (दोह्यांचे रहीम ते हेच.) सातपुड्याच्या पायथ्याला मुरणारं पाणी जमिनीखाली अडवून बोगद्याने, फक्त उताराच्या जोरावर, गावाकडे आणलंय. मोट नाही, पंप नाही. बोगद्यावर ठरावीक अंतराने हवा-उजेडासाठी आणि सफाईसाठी विहिरीसारखे दगडी गोल उभे केलेत, त्याच कुंड्या. शंभराच्या वर आहेत. इराणात कनात म्हणतात तोच हा प्रकार. आपल्या औरंगाबादला मलिक अंबरने नहर खोदली ती याच दशकात. म्हणजे तापीकाठी मोगल आणि खाली निजामशाहीचा वजीर, एकमेकांशी लढणारे दोघेही त्याच वेळी जमिनीखालून पाणी आणत होते. मला हे फार गमतीचं वाटतं.

वरून बघितलं तर काय दिसतं? शेताच्या, घरांच्या मधून एका ओळीत गेलेले बुटके गोल कठडे. वाकून पाहिलं की खोल खाली पाण्याचा एक चकचकीत तुकडा. खडा टाकू नका, लोक ते पाणी वापरतात. एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे, सुमारे ऐंशी फूट खाली नेते. ती चालू असेलच असं नाही, मुक्कामाच्या हॉटेलात आदल्या दिवशी विचारा. मी एकदाच उतरलोय. पिंजरा हलत हलत खाली जातो, वरचा उजेड ताटाएवढा होतो, मग वाटीएवढा. खाली पाऊल टाकलं की स्वच्छ गार पाणी, पायाची बोटं दिसतात. भिंतींवर क्षाराचे पांढरे थर चढलेत, हात लावला तर खरखरीत, मावशीकडच्या पितळी बंबाच्या आतल्या थरासारखे. आणि पाणी चालतंय, हे कानाला कळतं. मुलगी खूश होईल. आईंना वरच खुर्ची टाकून बसवा, उन्हात.

त्याच पाण्याचं दुसरं टोक समजायला शाही किल्ला. तापीच्या काठावर फारुकींनी बांधलेला, मोगलांनी वाढवलेला. खरंच बरीच पडझड आहे, ते नाकारत नाही. पण हमामखाना, म्हणजे शाही न्हाणीघर, सोडू नका. मधे कुंड, भिंतीतून आणलेल्या पाण्याच्या वाटा, आणि मान वर केली की छतावर रंगीत वेलबुट्टी. चारशे वर्षांच्या वाफेनंतर आणि वटवाघळांनंतरही जागोजागी लाल, हिरवा रंग शिल्लक आहे. मोबाइलची बॅटरी लावून बघा, आणि सकाळीच जा, तेव्हा झरोक्यातून उजेड तिरका येतो. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे होता तेव्हाच, जून १६३१ मध्ये, मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. पलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिला सहा महिने ठेवलं, डिसेंबरात आग्र्याला नेलं. ती जागा, आहूखाना, आज शेतांच्या कडेला पडक्या अवस्थेत आहे. ताजमहाल इथेच व्हायचा होता पण मातीला वाळवी होती वगैरे गाइड सांगेल. कहाणी म्हणून ऐका. वेळ उरला तर जा, नाहीतर किल्ल्याच्या गच्चीवरून नदीपलीकडे बोट दाखवून मुलीला सांगा, तेवढं पुरे.

किल्ल्यात पायऱ्या आहेत. आईंना हमामापर्यंत नेता येईल, वरच्या मजल्यांचा आग्रह धरू नका. त्यापेक्षा संध्याकाळी राजघाटावर न्या. नदीत दगडी हत्ती आहे. लहानपणी आम्ही पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून पावसाचा अंदाज करायचो. घाटावर बायका दिवे सोडतात, कोणी पोहत असतं, कोणी नुसतं बसलेलं. तिथे तासभर जातो, कळतही नाही.

जामा मशीद गांधी चौकात, भर बाजारात. फारुकी आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली, काळ्या दगडाची, दोन उंच मिनारांची. आत एक लेख अरबीत आणि त्याच्या जोडीला एक संस्कृतात कोरलेला आहे, त्यात शक संवतही दिलाय. मशिदीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं मुलीला वाचायला लावा. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाची वेळ टाळा आणि डोक्यावर ओढणी-रुमाल ठेवा. उन्हाचा किस्सा वर सांगितलाच आहे.

मकबऱ्यांपैकी दोनच बघा. एक उतावळी नदीकाठचा शाहनवाज खानाचा, जो हल्ली ‘काला ताजमहल’ म्हणून चालतो. शाहनवाज म्हणजे त्याच रहीमचा मुलगा. नाव ऐकून मोठी अपेक्षा ठेवू नका, लहानसाच आहे. दुसरा शाहजहानचा मुलगा शाहशुजा याच्या बेगमेचा, घुमटाला खरबुजासारख्या फाका म्हणून ‘खरबूजी गुंबद’. बाहेरून साधा, आतली रंगवलेली भिंत बघून माणूस गप्प होतो. दार बंद असलं तर आसपास चौकशी करा, चावी असणारा माणूस सापडतो.

एक जागा मराठी माणसाने चुकवू नये असं मला वाटतं, आणि तिथे कोणी जात नाही. गावाबाहेर, मोहना आणि तापीच्या संगमाजवळ ‘राजा की छत्री’ आहे. पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच वारला, त्याची ती छत्री. शाळेत ज्या माणसाचं नाव तेवीस किल्ल्यांबरोबर पाठ केलं, त्याचा शेवट इथे, एका निवांत नदीकाठी. आणि हंबीरराव मोहित्यांनी १६८१ च्या सुरुवातीला ज्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला तो याच शहराचा श्रीमंत पुरा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः इथे येऊन उतरला आणि पुन्हा कधी उत्तरेला परतला नाही.

असीरगडाला अर्धा दिवस लागतो. खंडवा रस्त्यावर वीसेक किलोमीटर. गाडी बरीच वर जाते, त्यामुळे आईही येऊ शकतील, पण वर सावली कमी. सकाळी सातला निघा. मशीद, अश्वत्थामा रोज फूल वाहतो असं मानतात ते महादेवाचं देऊळ, इंग्रजांची थडगी, सगळं एका गडावर. दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये याच परिसरात इंग्रज सेनानी माल्कमला शरण गेला, आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी शिंद्यांच्या किल्लेदाराकडून गडही घेतला. वरून सातपुड्यातली ती खिंड दिसते, आणि हिंदुस्तानातून दख्खनेत उतरायचं तर या गडाच्या नजरेखालूनच का जावं लागे हे नकाशाशिवाय कळतं.

राहायला मध्यम हॉटेलं आहेत, मध्य प्रदेश पर्यटनाचं ‘ताप्ती रिट्रीट’ही आहे. चैनीची अपेक्षा नको. मागे एका ठिकाणी मला ‘गरम पाणी चोवीस तास’ सांगून सकाळी सहाला बादलीभर कोमट पाणी दिलं होतं. तेव्हापासून मी आदल्या रात्री गीझर चालू करून बघतो, मगच पैसे देतो. भाषेची अडचण नाही, हिंदी आहेच आणि दुकानात मराठी सहज चालते. लोहारमंडी, शनवाऱ्याकडच्या गल्ल्यांतून पायी फिरा. मागांची खटखट ऐकू येते, मालेगावचा माणूस असेल तर त्याला घरी आल्यासारखं वाटेल.

खाण्याबद्दल नीट वाचा. इथले मांडे म्हटल्यावर आईंच्या डोळ्यांपुढे पुरणाचे मांडे येतील. ते हे नव्हेत. हातावर झुलवत भल्यामोठ्या उलट्या कढईवर टाकलेली पातळ मैद्याची रोटी, रुमालासारखी घडी घालून देतात, रस्सेदार भाजीबरोबर किंवा मटणाबरोबर खायची. मावा जिलबी मात्र जागेवरच, गरम खा. आपल्या जिलबीसारखी पिवळी कुरकुरीत नसते. खव्याच्या पिठाची, बोटभर जाड, तळून काळपट तांबडी झालेली, आणि चावली की आत गुलाबजामासारखी मऊ. कारागीर कढईवर हात धरून जाड वेटोळी सोडतो तेव्हा मुलीला पुढे उभी करा. दोघांत एक पुरते, दुसरी मागवायचा मोह आवरा. रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर हीच बऱ्हाणपूरच्या नावाने विकतात.

आणि लग्नघरी काही न्यायचं असेल तर जिलबी नेऊ नका, दराबा न्या. रवा, साखर आणि तूप हाताने फेटून फेटून हलकं केलेलं असतं, लोण्यासारखं विरघळतं आणि प्रवासात टिकतं. डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि परतताना गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका. माझ्या मावशीने एकदा ठेवला होता, भुसावळपर्यंत तूप सगळं पिशवीत.