रायझोबियमचा प्रोजेक्ट जूनपासून मागे मोजत आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीची मुलं सोयाबीनचं रायझोबियम कल्चर (मुळांवरच्या गाठींत राहून पिकाला हवेतला नत्र देणाऱ्या जिवाणूंचं, बियाण्याला लावायचं खत) तयार करतात, रिपोर्टचं बाइंडिंग होतं आणि काम तिथंच थांबतं. ते बाजारापर्यंत न्यायला मुलांना काय शिकवावं?

आधी कॅलेंडर शिकवा. पेरणी जूनमध्ये, आणि जिवाणू काढायला मुळांवरच्या गाठी घ्यायच्या त्या पीक फुलावर येताना, म्हणजे ऑगस्टमध्ये. तेव्हा कॉलेजात विषयाच्या मंजुरीचे कागद फिरत असतात. ऑगस्ट हुकला की वर्ष गेलं. टायटल नंतर ठरवा, मुलांना आधी वावरात पाठवा. चिरल्यावर आतून गुलाबी निघेल तीच गाठ कामाची. शिवाय पुढच्या जूनमध्ये पाकीट बांधावर जाईल तेव्हा ही बॅच पास होऊन गेलेली असते, म्हणून फेब्रुवारीतच पहिल्या वर्षाची दोन मुलं सोबत जोडा. नोंदी बांधीव वहीत, पानांना नंबर, रोजची तारीख आणि सही. सुट्या कागदांवरचे आकडे मे महिन्यात कोणालाच सापडत नाहीत.

लॅबमधली हमखास चूक म्हणजे घाई. काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगारवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) दोन दिवसांत कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, दिसली की मुलं खूश होतात. सोयाबीनचं रायझोबियम, म्हणजे ब्रॅडीरायझोबियम, सावकाश वाढतं, पाच-सात दिवस घेतं. दोन दिवसांत लालभडक होऊन वर आलेली बहुतेक भेसळच.

खरी परीक्षा मात्र कृषी केंद्राच्या टिनाच्या छपराखाली होते, तिथल्या उष्णतेत पाकिटातले जिवाणू मरत जातात. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार भुकटीच्या कल्चरमध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू लागतात. एक लाख पट पातळ केलेल्या द्रावणातलं ०.१ मिलि प्लेटवर पसरलं आणि ५० कॉलनी आल्या, तर काठावर पास. एप्रिलच्या सुरुवातीला वीस पाकिटं भरा, दहा थंड खोलीत आणि दहा टिनाखाली ठेवा, दर पंधरवड्याला दोन्हीकडची दोन-दोन फोडून मोजा. टिनाखालची मोजणी ज्या दिवशी ५० च्या खाली जाईल, ती तुमच्या मालाची मुदत. लेबलवर सहा महिने छापून ती वाढत नाही. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात हा प्रयोग फुकटात होतो, पुण्या-मुंबईच्या लॅबला त्यासाठी ओव्हन लावावा लागेल.

वावरातल्या चाचणीला १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, म्हणजे एकरी ३० किलोला तीन. बुरशीनाशक आधी, कल्चर शेवटी, मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. शेजारी बिनकल्चरचा पट्टा हवाच, आणि अशा जोड्या निदान तीन ठिकाणी. दरवर्षी सोयाबीन घेतलेल्या जमिनीत हे जिवाणू आधीच असतात. तिथं फरक दिसत नाही आणि पोरं नाउमेद होतात. वर्षानुवर्षं कपाशीच असलेलं वावर शोधा.

खत नियंत्रण आदेशाखालची परवानगी हाती येईपर्यंत पाकीट विकू नका, चाचणीसाठी फुकट द्या. ट्रायकोडर्मा ही रोग आवरणारी बुरशी, तोही त्याच इनक्युबेटरमध्ये वाढतो, पण रोगनियंत्रणासाठी विकायचा तर तो कीटकनाशक कायदा १९६८ खाली येतो आणि नोंदणी फरिदाबादला. पहिल्या प्रोजेक्टला त्या वाटेला जाऊ नका.

मातीत सापडलेल्या जिवाणूवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही. भुकटी टिकवण्याची नवी रीत असेल तर मिळू शकतं, पण ती ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या पोस्टरवर आधीच छापली तर नावीन्य धोक्यात. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज (विद्यार्थ्याच्या नावे ऑनलाइन १,६०० रुपये), मग १२ महिन्यांत पूर्ण तपशील. नागपूरलाच राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, मुलांना एकदा तिथं न्या.

किंमत काढताना मुलं माध्यमातल्या मॅनिटॉलचा भाव लावतात आणि थांबतात. गॅस सिलिंडर, जिवाणू ज्यात मिसळतात ती लिग्नाइटची भुकटी, पिशव्या, दुकानदाराचं कमिशन, परत आलेली पाकिटं, सगळं धरा. दहापैकी दोन बॅच फेकल्या तर दहांचा खर्च आठांवर वाटायचा. या कामाला कॉमर्सचं एखादं पोरगं सोबत घ्या. सायन्सवाल्यांना स्वतःची मजुरी लिहायला लाज वाटते.