‘अपघात दर’ की ‘अपघातांचे प्रमाण’?

कारखान्याचा वार्षिक सुरक्षा अहवाल मराठीत लिहिताना ‘अपघात दर’ म्हणावे की ‘अपघातांचे प्रमाण’, आणि ‘वारंवारता’ व ‘तीव्रता’ असे दोन वेगळे शब्द खरोखर लागतात का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते येथे ‘दर’च योग्य आहे. एकूण अपघातांपैकी प्राणघातक किती, हे सांगायचे असेल तेव्हा ‘प्रमाण’ शोभते, कारण तेथे भागाची तुलना पूर्णाशी होते. पण झालेल्या कामाच्या तासांशी किंवा कामगारसंख्येशी अपघातांची सांगड घालायची असेल, तर ‘दर’ हवा. दरडोई, दरमहा, दर हजारी या शब्दांत ‘कशामागे’ हे आपोआप सांगितले जाते, आणि नुसते ‘अपघात दर ५’ असे लिहिल्यावर नेमके तेच गळते.

भारतीय मानक आयएस ३७८६ नुसार वारंवारता दर काढताना, कामाचा वेळ बुडवणाऱ्या इजांची संख्या १० लाखांनी गुणून एकूण मनुष्यतासांनी भागतात. मनुष्यतास प्रत्यक्ष झालेल्या कामाचे धरायचे; त्यांत ओव्हरटाइम येतो, रजा येत नाही. समजा, ५०० कामगारांनी वर्षभरात १२ लाख तास काम केले आणि अशा ६ इजा झाल्या, तर दर ५ येतो. अमेरिकेत मात्र हिशेब २ लाख तासांमागे करतात (१०० कामगार, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे), आणि त्या पायावर याच कारखान्याचा दर १ दिसेल. पाया न सांगता हे दोन आकडे शेजारी छापणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे.

तीव्रता दरात इजांच्या जागी बुडालेले मनुष्यदिन येतात. वरच्या ६ इजांमुळे ७२ दिवस बुडाले असतील, तर तीव्रता दर ६० होतो. पण त्या सहांपैकी एक कामगार दगावला आणि उरलेल्या पाचांचे ६० दिवस बुडाले, तर मृत्यूसाठी मानकाने ठरवलेले ६००० दिवस धरून हाच दर ५०५० वर जातो, वारंवारता मात्र ५ च राहते. एक माणूस गेल्याची खूण पहिल्या आकड्यात उमटतच नाही, म्हणून दोन्ही शब्द हवेत. ‘अपघात दर’ या एका नावाखाली ते मिसळू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

‘अपघात’ आणि ‘इजा’ यांतही फरक राखावा. एका स्फोटात चौघे जखमी झाले, तर अपघात एक आणि इजा चार. मानकातील मोजणी इजांची आहे. त्यामुळे तक्त्याच्या शीर्षकात ‘इजा-वारंवारता दर (१० लाख मनुष्यतासांमागे)’ आणि ‘इजा-तीव्रता दर (१० लाख मनुष्यतासांमागे बुडालेले मनुष्यदिन)’ असे लिहावे. कामगारसंख्येवरून काढलेल्या दरासाठी ‘दर हजार कामगारांमागे इजा’ एवढे साधे शब्द पुरेसे आहेत.