परदेशातला परवाना आणि साथीतली मुदतवाढ : वाचकांचे प्रश्न

मुलगा सौदीत दम्मामला एका कंपनीत वेल्डर आहे. कोरोनात सुट्टीवर आला आणि गावातच अडकला. तेव्हा इकामा (तिथे राहण्याचा परवाना) फुकट वाढला होता. पुन्हा साथ आली तर आपोआपच वाढेल, असे एजंट म्हणतो. खरे का? (ता. उमरखेड, जि. यवतमाळ)

नाही. ती मुदतवाढ नियम नव्हती, त्या त्या वेळचा आदेश होता. 2021-22 मध्ये सौदीने थेट प्रवेश बंद असलेल्या देशांत अडकलेल्यांची मुदत आधी 2 जून, मग 31 जुलै, 31 ऑगस्ट, 30 सप्टेंबर, 30 नोव्हेंबर आणि पुढे 2022 मधल्या 31 जानेवारी व 31 मार्चपर्यंत नेली. 1 डिसेंबर 2021 पासून भारतातून थेट प्रवेश सुरू झाला. दर वेळी तारीख उलटून गेल्यावर नवा आदेश येईलच, अशी खात्री कुणालाच नव्हती.

सुट्टीवर आलेल्याचे कागद दोन असतात. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना आणि खुरूज-औदा म्हणजे जाऊन परत येण्याचा व्हिसा. घोटाळा बहुतेक इथेच होतो. इकामा चालू आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि तोवर खुरूज-औदा संपलेला असतो. दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा.

आदेश नसेल तेव्हा नूतनीकरण मालकाच्या हातात. कंपनी ते मुकीम या मालकांसाठीच्या ऑनलाइन पोर्टलमधून करते. त्याआधी मक्तब अमलची, म्हणजे कामगार कार्यालयाची, फी भरलेली आणि आरोग्य विमा चालू असावा लागतो. मालकाने हुरूब, म्हणजे पळून गेल्याची नोंद, केली असेल तर काम तिथेच अडते. म्हणून गावी असताना मालकाशी बोलणे तोंडी ठेवू नका. व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा.

अबशर या सौदीच्या सरकारी अॅपचा ओटीपी सौदीच्या सिमवर येतो. गावी आल्यावर ते सिम रिचार्जविना बंद पडले की स्वतःची नोंदसुद्धा उघडता येत नाही. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या, सिम चालू ठेवा. इकाम्याचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि खुरूज-औद्याची प्रिंट घरी कुणाकडे तरी असू द्या. ‘मुदत वाढवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला एक पैसा देऊ नका. सरकारी मुदतवाढ आपोआप नोंदीत चढते, तिला मध्यस्थ लागत नाही.

दुबईत असलेल्यांचे नियम हेच का? (जि. बुलडाणा)

वेगळे आहेत. 1 मार्च 2020 नंतर संपणारे निवासी परवाने वर्षअखेरपर्यंत चालू धरू, असे अमिरातीने आधी जाहीर केले. जुलैत तो निर्णय मागे घेतला आणि नूतनीकरणासाठी टप्प्याटप्प्याने मुदत दिली. पहिली बातमी ऐकून डिसेंबरपर्यंत स्वस्थ बसायचे ठरवलेल्यांना घाईत धावावे लागले. शिवाय एरवी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले की तिथला निवासी परवाना रद्द होऊ शकतो. त्या काळात ही अट सैल केली होती. ती सवलत गृहीत धरू नका.

पासपोर्टच संपत आला असेल तर? (जि. गोंदिया)

परवान्याच्या आधी तो पाहा. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नवा काढता येतो. 36 पानांच्या पासपोर्टची नेहमीची फी 1500 रुपये, तत्काळला वर 2000. अर्ज सेतू केंद्रातून भरून घेतलात तर नाव, जन्मतारीख आणि गावचा पत्ता आधारशी अक्षरश: जुळवा. पोलीस पडताळणी बहुधा पत्त्यावरून अडते. नवा पासपोर्ट आला की नंबर बदलतो. तो इकाम्याच्या नोंदीत बदलून घ्यायला मालकाला लगेच सांगा आणि जुना फेकू नका. साथीत लसीच्या प्रमाणपत्रावरचा पासपोर्ट नंबरही जुळावा लागत होता. कोविनवर तो जोडण्याची सोय जून 2021 मध्ये आली.

मुलगी ब्रिटनमध्ये शिकते. व्हिसा संपायच्या बेतात आहे. (जि. वर्धा)

संपण्याआधी तिथूनच नवा अर्ज करा. मुदतीत अर्ज गेला तर निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटींवर राहता येते; पण अर्ज पडून असताना ती देशाबाहेर गेली तर हे संरक्षण जाते.