पीएलएचा दाणा हाताळताना

अरे, पीएलए (पॉलीलॅक्टिक अ‍ॅसिड) हे प्लास्टिक मक्यापासून बनतं म्हणून बिनधास्त राहू नकोस. दाणा हातात घेतलास तर काही होत नाही, खरा धोका तो वितळल्यावर. मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या नळीत, 200 अंश सेल्सिअसच्या आसपासचा माल असतो; दाणा ओलसर राहिला असेल तर नोझलमधून, म्हणजे नळीच्या तोंडातून, माल फसकन उडतो. म्हणून आधी ड्रायरमध्ये नीट सुकव, आणि पर्जिंग करताना (बॅरलमधला जुना माल बाहेर काढताना) फेस शील्ड, जाड हातमोजे हवेतच. वितळलेला माल कातडीला चिकटला तर ओढून काढायचा नाही, सालपटं निघतील! थंड वाहत्या पाण्याखाली धर आणि तसाच डॉक्टरकडे जा. जास्त तापवलास तर वाफा डोळ्यांना झोंबतात, एक्झॉस्ट चालू ठेव. सांडलेला दाणा लगेच झाड, पाय सटकतो त्यावरून. पण गटारात लोटू नकोस हं. औद्योगिक कंपोस्टमधली 60 अंशांची ऊब मिळाली नाही तर तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.