सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी बाग कराराने द्यायची का?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंग करते, आता तिसऱ्या वर्षाला जाईल. कॉलेजच्या विनिमय योजनेतून एका सत्रासाठी जर्मनीला जायला तिची निवड झाली आहे. तिथलं सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं. बँकेत जवळजवळ 12 हजार युरो ठेवावे लागतात असं तिला मैत्रिणीने सांगितलं. एवढे पैसे हाताशी नाहीत, म्हणून हे कलमांची बाग दोन वर्षं कराराने द्यायला निघालेत. सासूबाई रोज एकच विचारतात, "चेडवाक इतक्या लांब कित्याक धाडतस?" बरोबर खायला काय द्यावं तेही सुचत नाही. तयारीला लागू तरी कुठून?
– एक आई, देवगड

उत्तर : ताई, करारावर सही झाली नसेल तर आधी ती थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

मैत्रिणीने सांगितलेला आकडा वर्षाचा आहे. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो दाखवावे लागतात. तुमची मुलगी सहा महिन्यांसाठी जाते आहे, म्हणजे हिशेब 5,952 युरोंचा. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. आणि ही फी नव्हे. पैसे तिच्याच नावावर 'ब्लॉक्ड' खात्यात राहतात, तिथं पोचल्यावर दरमहा 992 युरो तिच्या हातात येतात. त्यातून खोलीचं भाडं, जेवण आणि आरोग्य विमा भागवायचा. विद्यार्थ्यांच्या सरकारी विम्यालाच महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जातात, ते आधीच बाजूला धरा. उरलेली रक्कम खातं बंद केल्यावर परत मिळते. विनिमय योजनेत तिकडची शिकवणी फी सहसा माफ असते, सत्रशुल्क तेवढं भरावं लागतं.

सहा लाख लहान रक्कम नाही, मला कळतं. पण त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढता येतं, ते या खात्यात भरलेलं चालतं. बाग मात्र देऊ नका. दोन वर्षांसाठी बाग घेणारा माणूस दोन वर्षांचाच विचार करतो. कल्टारची, म्हणजे मोहोर आणणाऱ्या औषधाची, मात्रा वाढवून फळ काढून घेतो आणि थकलेली कलमं तुमच्या हातात ठेवून जातो. आमच्या वाडीत अशा दोन बागा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि मला जिची सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती सांगते. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, परीक्षा त्याच्याही पुढे लांबू शकतात. आपल्याकडे पाचवं सत्र जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं आणि जानेवारीत सहावं सुरू होतं. म्हणजे तिकडचं एक सत्र इकडच्या दोन सत्रांवर आडवं पडतं. जुलै ते सप्टेंबर ती इथं बसेल त्याचं काय, जानेवारी-फेब्रुवारीतली हजेरी कशी धरणार, सहाव्या सत्राच्या अंतर्गत परीक्षा कधी घेणार, हे विभागप्रमुखांना आत्ताच विचारायला सांगा, आणि उत्तर लेखी घ्यायला सांगा. "होऊन जाईल, काळजी करू नकोस" हे उत्तर नव्हे.

हे एवढं ठासून सांगते आहे, कारण मी स्वतः यात एक वर्ष घालवलं आहे. 1994 च्या ऑक्टोबरात मी एका सत्रासाठी जर्मनीतल्या कीलला गेले होते. मार्चमध्ये परतले तेव्हा इकडची हजेरी कमी भरली होती आणि तिकडे उत्तीर्ण केलेले विषय कशात धरायचे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जाताना तोंडी "जा" म्हणणारे सगळे तोवर बदलून गेले होते. माझ्या बरोबरीच्या मुली पुढे गेल्या, मी पुन्हा त्याच वर्गात बसले. आज यासाठी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' नावाचा कागद असतो. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, हे त्यात ओळीने लिहून दोन्ही विद्यापीठांच्या सह्या होतात. तिथं सत्राला 30 ईसीटीएस (युरोपातल्या पद्धतीचे) श्रेयांक हा पूर्ण भार मानतात. नुसती बेरीज जुळून भागत नाही, विषयाला विषय जुळला पाहिजे. हा कागद हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.

मग पासपोर्ट काढून नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर मांडणी निराळी. अर्ज, विमा, तिकीट, खातं, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहायचं, एक अक्षर इकडेतिकडे नको.

नव्वद दिवसांहून जास्त राहायचं म्हणजे राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याला आठवडे लागू शकतात. त्यासाठी मुंबईची खेप जुलैतच उरकून घ्या. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, हे तुम्हाला मी काय सांगू! कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात आपल्या कपाटात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथं पासपोर्टचं काय होणार? तिकडे खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. खोली ठरवतानाच तो मागून ठेवायचा.

खाण्याचं सांगते. तूप, पेढे, खव्याचं काहीही देऊ नका. बाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. सुकं खोबरंही नको, त्यातल्या तेलामुळे ते विमानाच्या सामानात चालत नाही. सुके मासे मात्र चालतात, स्वतःपुरते 20 किलोपर्यंत. आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला द्या. सामाईक स्वयंपाकघरात सुकट भाजण्याआधी शेजारच्या मुलींना विचार, एवढं तिला सांगून ठेवा. कपड्यांवर इथं खर्च करू नका, थंडीचं जाकीट तिथलंच घ्यावं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची काळजी खोटी नाही. मी रत्नागिरीच्या मिऱ्या बंदराजवळ वाढले. कीलला समुद्र आहे म्हणून मनाला धीर होता. पहिल्याच दिवशी सकाळी धक्क्यावर जाऊन बसले, संध्याकाळी पुन्हा गेले. पाणी त्याच पायरीवर होतं. तिथल्या बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. त्या पायरीकडे बघून मला जे रडू आलं, ते आजही आठवतं. डिसेंबरात तिथं चार वाजताच सूर्य मावळायचा. तेव्हा पत्र पोचायला पंधरवडा लागायचा, आता फोन आहे. रविवारचा वार ठरवा, आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, मग साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. तिला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतील, बाहेर अंधार पडायला लागला असेल. त्या वेळी फोन सासूबाईंच्या हातात द्या. मालवणीतून बोलू द्या त्यांना.

प्रश्न : बाई, 2021 च्या पुरात माझी दहावीची गुणपत्रिका भिजली, शिक्का पुसला गेला. आता परदेशी अर्जासाठी ती मागतात. लॅमिनेट करून घेऊ का?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : नको रे बाळा, लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचा सरकारी, शिक्का बसायला अडचण येते. आपलं कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे, तिथून दुय्यम प्रत मिळते. शाळेमार्फत अर्ज कर आणि भिजलेली मूळ प्रत बरोबर ने, फेकू नकोस. तोवर डिजिलॉकरमध्ये तुझी गुणपत्रिका दिसते का ते बघ. 22 जुलैच्या त्या रात्री तुमच्या घरात पाणी किती चढलं होतं ते लिहिलं नाहीस. घरचे सगळे सुखरूप आहेत ना, तेवढं कळव.