असमिया साहित्य कळायचं तर आधी १८३६ सालात जावं लागतं

तुम्ही विचारलंय की असमिया ही बंगालीचीच एक फांदी का, आणि आसामच्या राजकारणाबद्दल काहीही वाचायला घेतलं की मध्येच साहित्य सभा (असमिया भाषा-साहित्याची तिकडची मोठी संस्था) कुठून उगवते. मी साहित्याचा अभ्यासक नाही. नोकरीनिमित्त तीन वर्षं आसामात जोरहाटला होतो, भाषा कानावर पडली, मग वाचत गेलो. त्या बेतानं वाचा.

तुमचा पहिला प्रश्न मी तिथे खरोखर विचारला होता. शेजारच्या बइदेउंना (ताईला तिकडे बइदेउ म्हणतात). लाल चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "हे आम्हाला सरकारनं एकदा सांगून झालंय." त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

१८२६ मध्ये यांदाबोचा तह झाला आणि आसाम ब्रह्मदेशाकडून कंपनी सरकारकडे आला. दहा वर्षांनी, १८३६ मध्ये, तिथल्या कचेऱ्यांची आणि शाळांची भाषा बंगाली ठरली. असमिया ही बंगालीचीच गावठी बोली, असं सांगितलं गेलं. याचा सगळा दोष बंगाली कारकुनांवर टाकायची तिकडे रीत आहे, पण मला ते पटत नाही. एका भाषेत कारभार उरकणं ही सोय साहेबाची होती. हा प्रकार १८७३ पर्यंत चालला. सदतीस वर्षं! म्हणजे आजा ज्या भाषेत कीर्तन ऐकायचा, ती नातवाच्या पाटीवर नव्हती.

आणि भाषा काही कालची पोर नव्हती. माधव कंदलींनी चौदाव्या शतकात असमियात रामायण रचलं, तुलसीदासांच्या दोनेकशे वर्षं आधी. पंधराव्या-सोळाव्या शतकात वैष्णव संत शंकरदेव होऊन गेले. त्यांची बरगीतं (भक्तिगीतं) आणि अंकिया नाटं (एकांकी भक्तिनाटकं) आजही नामघरात होतात. नामघर म्हणजे भजनाची जागा, चावडी आणि नाट्यगृह, सगळं एका छपराखाली. त्यात भर इंग्रजांआधी आसामवर राज्य करणाऱ्या आहोम राजांच्या बखरींची. त्यांना बुरंजी म्हणतात आणि त्यातलं गद्य चांगलं ठसठशीत आहे. बखरी असलेल्या भाषेला बोली म्हणणाऱ्याला आपण काय म्हटलं असतं?

त्यामुळे तिथला आधुनिक लेखक सुरुवातीपासून वकिलाच्या भूमिकेत दिसतो. मी आहे, हे आधी सिद्ध करायचं, मग कविता. पहिली साथ मिळाली ती अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांची. त्यांना धर्मप्रचार करायचा होता आणि तो लोकांच्या भाषेतच होणार होता. १८४६ मध्ये त्यांनी शिवसागरहून 'अरुणोदय' हे मासिक काढलं (तिकडचा उच्चार 'अरुनोदोइ'). आपल्याकडे अहमदनगरला अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ चा. पंथ वेगळे, पण उदय दोन्हीकडे! मात्र मराठीला आपण भाषा आहोत हे पटवून द्यावं लागलं नव्हतं, हा फरक मोठा.

माझा आवडता माणूस आनंदराम ढेकियाल फुकन. इंग्रजी नोकरीतला हा तरुण अधिकारी. १८५५ मध्ये त्यानं 'एक नेटिव्ह' एवढीच सही ठेवून असमियाच्या बाजूनं इंग्रजीत पुस्तिका लिहिली आणि जुन्या ग्रंथांची यादीच पुढे ठेवली. वयाच्या तिशीआधीच तो गेला, निकाल त्याच्या पश्चात चौदा वर्षांनी लागला.

पुढचा अंक गमतीचा आहे, कारण तो कलकत्त्यात घडतो. तिथे शिकायला गेलेल्या पोरांनी १८८९ मध्ये 'जोनाकी' हे मासिक काढलं. चंद्रकुमार आगरवाला हे त्यातले एक. घराणं मूळचं राजस्थानचं, आणि हे असमिया कवितेचे आद्य स्वच्छंदतावादी! दुसरे लक्ष्मीनाथ बेजबरुआ. लग्न टागोरांच्या घराण्यात, धंदा लाकडाचा, मुक्काम कित्येक वर्षं ओडिशातल्या संबलपूरला, आणि आयुष्यभर लेखन असमियात. आसामचं राज्यगीत यांचंच.

आता साहित्य सभेचं. ती १९१७ ची. आपल्या साहित्य संमेलनासारखी तीन दिवसांची हजेरी समजू नका. १९६० मध्ये असमिया राज्यभाषा झाली, त्या मागणीत सभा पुढे होती. आसामच्या दक्षिणेकडच्या बंगालीबहुल बराक खोऱ्यानं विरोध केला आणि १९ मे १९६१ ला तिथल्या सिलचरला पोलिसांच्या गोळीबारात ११ माणसं गेली. १९७४ मध्ये आसामातल्याच बोडो या आदिवासी समाजानं आपल्या भाषेसाठी रोमन लिपी मागितली, असमिया लिपी नको म्हटलं. त्यातही बळी गेले. शेवटी तोड निघाली ती देवनागरीची. म्हणून बोडो पुस्तक तुम्ही-आम्ही आज अक्षर न अक्षर वाचू शकतो, कळत काही नाही.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आपण घातलाच आहे. १८३६ मध्ये असमिया कोंकणीच्या जागी उभी होती. १९६० नंतर ती पुष्कळदा मराठीच्या जागी दिसते. बइदेउंना हे बोलून दाखवायचं धाडस मला झालं नाही.

अर्थात साहित्य म्हणजे सभा नव्हे. मामोनी रायसम (इंदिरा) गोस्वामींची दक्षिण कामरूपमधल्या सत्राची कादंबरी घ्या. सत्र म्हणजे वैष्णव मठ. तिथल्या ब्राह्मण विधवांचं जिणं त्यांनी मांडलं आणि माणसं बोलतात ती कामरूपी बोलीत. मिशनऱ्यांचा छापखाना शिवसागरला, म्हणून प्रमाण भाषा त्या बाजूची ठरलेली. तिला बाजूला सारून ही बाई आपल्या गावची जीभ छापते. भाषेची लढाई जिंकल्यावर आपल्याच बोलींचं काय, हे असं कृतीतून विचारणं मला सभेच्या शंभर ठरावांपेक्षा मोठं वाटतं. पुढे २००५ च्या सुमारास उल्फा (स्वतंत्र आसाम मागणारी सशस्त्र संघटना) आणि सरकार यांच्यात बोलणी व्हावी म्हणून त्या मध्यस्थ झाल्या. लेखिकेला बंडखोरांनी हे काम द्यावं, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

वाचायला सुरुवात करणार असाल तर वीरेंद्रकुमार भट्टाचार्यांची 'मृत्युंजय' घ्या. बेचाळीसच्या चळवळीत रेल्वे उलथवणाऱ्यांची गोष्ट, आणि अहिंसा सोडताना त्यातल्या वैष्णव गोसाईंच्या मनाची होणारी कालवाकालव. हिंदी अनुवाद मिळतो. फक्त दुकानात लेखकाचं नाव सांगा. नुसतं 'मृत्युंजय' म्हणालात तर शिवाजी सावंतांचा कर्ण हातात पडेल.